झाकून आलेला वाडगा

आपल्या गाड्यावरचं आपण खायचं नाही, असा काही आमच्या कॉफीच्या दुकानात नियम नाही. पण सकाळपासून ज्याचा वास केसांत, कपड्यांत, नखांत बसलेला असतो, ते दुपारी तोंडात घालवत नाही. म्हणून तीन वाजता, गर्दी ओसरून पंख्यांचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला की आम्ही वाडगे बदलतो. मी कोंबडी-भात विकते; माझा भात साम काकांकडे जातो. त्यांच्या वाँटन नूडल्स माझ्याकडे येतात. लानवहिनीच्या करी नूडल्स ज्याचा हात आधी पुढे होईल त्याच्या, कारण त्या सगळ्यांनाच हव्या असतात. आणि होंगदादा न विचारता ज्याची त्याची कॉफी आणून ठेवतो. मला गोड दुधाची, काकांना काळी, बिनसाखरेची.

दुकान होंगदादाचं, त्याच्या वडिलांपासूनचं. दुकान म्हणजे आत त्याचा कॉफीचा कट्टा, संगमरवरी टेबलं आणि आमचे चार गाडे. तो फक्त प्यायचं विकतो, आम्ही फक्त खायचं, आणि एका पदार्थाचा एकच गाडा. आमच्या पासिर पिंजी वस्तीतली माणसं सकाळी घरच्या कपड्यांतच येतात, एका टेबलावर बसून चारही गाड्यांवरचं मागवतात, एकमेकांच्या वाडग्यात चमचे घालतात. दहा रिंगिटची नोट मोडली तरी पोट भरून वर कॉफी होते. इपोह शहरातल्या मोठ्या हॉटेलात लग्नाचं जेवण जेवून आलेले लोकसुद्धा दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन "आता कुठे जेवल्यासारखं वाटलं" म्हणतात.

यातले निम्मे येतात ते वहिनीसाठी. लानवहिनी होंगदादाची बायको. तिचा गाडा अगदी दारात, रस्त्याकडे तोंड करून. सासऱ्यांनीच तो तिथे लावला होता, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नाकात वास आधी गेला पाहिजे म्हणून. तिच्या करीवर लाल तेलाचा तवंग असतो, तळलेले टोफूचे तुकडे रस पिऊन फुगलेले असतात आणि वर मूठभर पुदिना. माणसं शिंकतात, नाक पुसतात, पुन्हा वाडगा तोंडाला लावतात. वहिनी तेवढ्या वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहते. घाम आलेला माणूस बघितला की तिला बरं वाटतं.

फक्त एक होतं. गाड्याचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे वहिनीची पाठ कट्ट्याकडे. लग्नापासून ती नवऱ्याकडे पाठ करून उभी आहे. कपबशांचा आवाज ऐकून ती सांगू शकते की तो आज चिडलाय की खुशीत आहे, पण त्याचं तोंड तिला दिसतं ते घरी गेल्यावरच.

कोपऱ्यातला गाडा रिकामा झाला तेव्हा मुन यी आली. कांपारहून. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. माशाची पेज करायची. चाळिशी उलटलेली, अंगाने काटकुळी, केस मागे एका चिमट्यात घट्ट. लिपस्टिक लावत असती तर बरं झालं असतं, वहिनीला बोलायला काहीतरी मिळालं असतं. तिचा गाडा कट्ट्याच्या अगदी समोर.

पहिले काही दिवस काही नाही. मग माझ्या लक्षात आलं, आणि माझ्याआधी वहिनीच्या, की तीन वाजता होंगदादा आता वाडगे बदलत नाही. माझा भात नको, काकांचे वाँटन नकोत. मुन यी त्याच्यासाठी एक वाडगा आणून कट्ट्यावर ठेवते, आणि त्यावर बशी झाकलेली असते.

वहिनीला ती बशीच जास्त लागली.

"आपल्या सगळ्यांचे वाडगे उघडे येतात," ती माझ्या गाड्याशी येऊन म्हणाली. "यालाच झाकण कशाला? आत काय सोनं आहे?"

"माश्या बसतात, वहिनी."

"माश्या तुझ्या भातावर बसत नाहीत? की त्यांनाही पेजच आवडायला लागली?"

"पेज ती पेज. आजाऱ्याचं खाणं. तिच्यात कुणाचा जीव अडकतो?"

"पेजेत नाही अडकत, फूंग. ढवळणाऱ्या हातात अडकतो." आणि तिने माझ्या फळीवरचा काकडीचा तुकडा उचलून असा चावला, की मी बोटं मागे घेतली.

त्यानंतर रोज तेच सुरू झालं. तिची पाठ आत, म्हणून माझे डोळे तिला हवे असत. नूडल्स उकळत्या पाण्यात सोडता सोडता ती मान न वळवता विचारी, "काय करतोय?"

"कॉफी गाळतोय."

"ती?"

"मासा कापतेय."

"बघतेय का त्याच्याकडे?"

आता खरं सांगायचं तर मुन यी बघत असे. आंबटशौकीन बाई बघते तसं नाही, दुधावर लक्ष ठेवल्यासारखं. पण हे वहिनीला कसं सांगायचं? मी म्हणे, "तिचं तोंड पातेल्यात आहे." वहिनीचा विश्वास बसत नसे. तिचा आवाज ऐकून माझाही बसत नसे.

मग एका सोमवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, वहिनी केस कुरळे करून आली. मंगळवारी नवा जांभळा ब्लाउज. साम काकांनी तिला बघून शीळच घातली. काका सासऱ्यांच्या वेळेपासूनचे, म्हणून तिला सूनबाई म्हणतात.

"सूनबाई, कुणाचं लग्न? आम्हाला आमंत्रण नाही?"

"तुमचंच. मुलगी बघून ठेवलीय, पेज चांगली करते."

वहिनी केस सावरत मुद्दाम कट्ट्यापर्यंत गेली, एक बर्फाचा चहा मागितला. होंगदादाने तिच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "गॅसजवळ जपून. पेटतील."

त्या दिवशी करीत मिरची दुप्पट होती. एका शाळामास्तरला ठसका लागला तो थांबेना. वहिनी त्याच्याकडेही कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

दुपारी तिने स्वतःच एक वाडगा भरला, पुदिना घातला, आणि नवऱ्यापुढे नेऊन ठेवला. आपल्या गाड्यावरचं आपल्या माणसाला. आम्ही सगळे बघत होतो.

"आज हे खा," ती म्हणाली.

"ठेव. खातो."

"गरम आहे तोवर."

"गिऱ्हाईक आहे ना. खातो म्हटलं."

ती परत येऊन उभी राहिली, पाठ करून. थोड्या वेळाने वाडगा रिकामा परत आला, धुतलेला. तिचा चेहरा असा उजळला, की मीही मनात म्हटलं, सुटलो. पण संध्याकाळी ती मागच्या दारी फडकी पिळायला गेली. तिथल्या उघड्या गटारात पाणी मुळातच कमी वाहतं. त्यावर लाल तवंग तरंगत होता आणि कडेला पुदिन्याची पानं चिकटली होती. बाईला आपल्या हातच्या तेलाचा रंग कळतो. मला बोलावून तिने बोट दाखवलं.

"बघ. माझी गटारात. आणि तिची पोटात."

मी म्हटलं, "विचारा ना सरळ त्याला."

"विचारू? म्हणजे तो म्हणेल, लान, तुला वेड लागलंय. आणि उद्या तिला जाऊन सांगेल, माझ्या बायकोला वेड लागलंय. दोघं मिळून हसतील." फडकं तिने असं पिळलं की त्यात काही राहिलं नसेल. "मी विचारणार नाही. मी तिला घालवणार."

आमच्यात कागदपत्र नसतं. गाडा एका चिनी नव्या वर्षापासून दुसऱ्या नव्या वर्षापर्यंत, तोंडी बोलीवर. जुनं वर्ष संपताना दुकान सणासाठी बंद करायच्या दिवशी मालक आम्हा सगळ्यांना जेवू घालतो. त्या जेवणात कोंबडी असते, आणि ती ज्याची त्याने आपल्या हाताने घ्यायची. मालकाने किंवा मालकिणीने स्वतः उचलून तुमच्या भातावर कोंबडीचा तुकडा ठेवला, तर तुम्ही समजून घ्यायचं. शांतपणे जेवून उठायचं आणि सण झाल्यावर परत यायचं नाही. तोंडाने कुणी काही बोलत नाही, रडारड नाही. हल्ली हे कुणी करत नाही. पण वहिनीच्या सासऱ्यांनी जुन्या वाँटनवाल्याला असंच घालवलं होतं. म्हणून तर साम काकांना जागा मिळाली.

कोंबडी दर वर्षी माझ्याकडची असते. जेवणाच्या आदल्या दिवशी वहिनी आली.

"फूंग, एक तंगडी अख्खी ठेव. तोडू नकोस."

मी सुरी खाली ठेवली. "वहिनी, असं कोण करतं आता?"

"मी करते."

"ती बाई कुठे जाईल? एवढं बस्तान बसवलंय तिने."

"कांपारला जाईल. तिथे पण माणसांना भूक लागते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझा नवरा तुझ्या हातचं गटारात ओतत असता, तर तू मला सुरी मागायला आली असतीस. मी तर तंगडीच मागतेय."

मी तंगडी अख्खी ठेवली.

दुसऱ्या दिवशी लवकर गाडे धुतले, शटर अर्धं ओढलं, दोन टेबलं जोडली. लाल कागद, मोसंब्यांचा ढीग. माझी कोंबडी मध्ये, भाजलेलं डुकराचं मांस, वाफवलेला मासा, तळलेल्या कोलंब्या, वहिनीची करी मोठ्या भांड्यात. काकांनी बिअर उघडली. वहिनी नव्या ब्लाउजमध्ये होंगदादाच्या शेजारी बसली, बरोबर मुन यीच्या समोर. तिने जागाही योजून ठेवली होती. कोंबडीचं ताट तिने असं फिरवलं, की तंगडी तिच्या हाताशी आली.

सगळे वाढून घेत होते. मुन यी मात्र उठली, आपल्या गाड्याकडे गेली आणि तो वाडगा घेऊन आली. बशी झाकलेला. सगळ्यांच्या देखत तिने तो होंगदादाच्या पुढ्यात ठेवला.

"आजही?" काका म्हणाले. "अरे होंग, कोलंबी बघ, मांस बघ. सणाला पेज?"

होंगदादाचे कान लाल झाले होते. वहिनीने चॉपस्टिक्स उचलल्या, तंगडी पकडली. जड होती, तरी तिचा हात हलला नाही. काकांचा पेला ओठांशी तसाच राहिला. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. मुन यीलाही माहीत असावं, कारण तिने आपला भाताचा वाडगा हळूच पुढे सरकवला. त्या सरकवण्याची मला अजून आठवण येते. जसं काही ती म्हणत होती, घ्या, ठेवा.

तंगडी टेबलाच्या मध्यावर आली, आणि त्याच वेळी होंगदादाने घाबरून, काहीतरी करायचं म्हणून, आपल्या वाडग्यावरची बशी उचलली. वाफ वर आली.

वहिनी थांबली. नाक तिचं करीवाल्या बाईचं, दहा वासांतून एक वेगळा काढणारं. तिने मान वळवून वाडग्यात पाहिलं. पांढऱ्या पेजेत माशाचे जाड तुकडे, कडेला काळपट कातडी, आल्याचे तंतू.

"ही मरळ आहे," ती म्हणाली.

तिने पुन्हा एकदा वास घेतला.

"तू मरळ विकत नाहीस," ती मुन यीला म्हणाली. "तुझ्या पाटीवर मरळ नाही."

"नाही, वहिनी."

ज्याला टाके पडलेत, जी बाळंत झालीय, त्याच्या घरी मरळ शिजते. जखम आतून भरून येते म्हणून. आमच्याकडे पोरांनाही ते कळतं. बाजारात कुणी मरळ घेताना दिसलं, की कोळीण आधी विचारते, "घरी कोण आडवं पडलंय?" वहिनीच्या दोन्ही मुली पोट फाडून काढाव्या लागल्या, तेव्हा होंगदादा दुकान काकांवर टाकून रोज इस्पितळात मरळीच्या साराचा डबा घेऊन जायचा. तो वास ती विसरणार नव्हती.

"कुणाला काय झालंय?" वहिनीचा आवाज बदलला. तंगडी अजून हवेत होती, तेल टेबलावर ठिबकत होतं. "ए थेरड्या. तुला विचारतेय. कुठे जखम झालीय?"

"पोटात," होंगदादा वाडग्याकडे बघत म्हणाला. "आतून. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. मिरची बंद, नारळाचं दूध बंद, कॉफी बंद. मरायचं वगैरे नाही काही. भरून येतंय."

"कॉफीवाल्याला कॉफी बंद," काका पुटपुटले.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? करी नूडल्सवालीच्या नवऱ्याला तिची करी पचत नाही? उद्या दारातलं गिऱ्हाईक काय म्हणेल? आणि तू..." तो थांबला. "तू वाडगा आणून ठेवलास त्या दिवशी मी दोन घास खाल्ले. रात्रभर झोपलो नाही. म्हणून बाकीची ओतली. लान, मला ती ओतताना बरं नाही वाटलं."

वहिनीने हे ऐकलं की नाही कोण जाणे. तिच्या डोक्यात एकच गोष्ट गेली होती.

"आणि हिला सांगितलंस?"

"नाही सांगितलं."

"मग हिला कसं कळलं?"

मुन यी पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "दादा कॉफी गाळताना डावा हात पोटावर दाबून धरतात. माझ्या घरी तो हात मी पुष्कळ पाहिलाय, वहिनी. आमच्या ह्यांनी पण कुणाला सांगितलं नव्हतं. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. म्हणून मीच दादांना डॉक्टरकडे पाठवलं. तुम्हाला सांगा म्हणून रोज म्हणत होते."

मला वाटलं, आता वहिनी रडेल, मुन यीचा हात धरेल. मी लहानपणापासून वहिनीला ओळखते आणि तरी असं वाटलं, याची मलाच लाज वाटायला हवी. वहिनीचे डोळे कोरडे होते. तिने एकदा कट्ट्याकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या गाड्याकडे, एकदा दारातल्या आपल्या गाड्याकडे. कोण कुठे उभं असतं आणि कुणाला कुठून काय दिसतं, ते ती मोजत होती. तिच्या नवऱ्याचा हात दुसऱ्या बाईने आधी पाहिला. तंगडीपेक्षा, गटारापेक्षा ते मोठं होतं. पेज आवडली असती तर भांडता आलं असतं. याच्याशी कशी भांडणार?

तंगडी तिच्या हातात तशीच होती. ती कुठेतरी ठेवायलाच हवी होती.

तिने ती होंगदादाच्या भातावर ठेवली.

क्षणभर कुणालाच कळेना. मग साम काकांना कळलं आणि त्यांच्या नाकातून बिअर बाहेर आली. "होंग! तुला काढलं रे! बापाच्या दुकानातून!"

"काढलंच," वहिनी म्हणाली. "सण होईपर्यंत कट्ट्यावर दिसलास तर बघ. घरी बसायचं." मग मुन यीकडे वळून तितक्याच करड्या आवाजात, "आणि तू नव्या वर्षात किती तारखेला गाडा लावणारेस?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा, वहिनी."

"मरळ बाजारात कुणाकडून घेतेस?"

"कोपऱ्यावरच्या म्हातारीकडून."

"ती जुनी विकते. मी आणून देत जाईन."

आता नवं वर्ष सुरू होऊन बरेच दिवस झाले. होंगदादाच्या तोंडावर रंग आलाय. वहिनीने आपल्या गाड्यावर मिरचीच्या बरणीच्या वर एक आरसा टांगलाय. गिऱ्हाइकांना वाटतं तिने कुणा जाणकाराला विचारून, वाईट नजर परतवायला लावलाय. आरसा थोडा तिरका आहे. त्यात रस्ता दिसत नाही, आतला कट्टा दिसतो. नूडल्स सोडता सोडता वहिनी मान न वळवता ओरडते, "हात काढ पोटावरून!" आणि आतून कपबशी जोरात आदळल्याचा आवाज येतो. आता ती मला काही विचारत नाही.

तीन वाजता ती पेजेच्या गाड्याशी जाते. मुन यीने वाडगा भरून बशी झाकून ठेवलेला असतो. वहिनी पहिल्यांदा ती बशी काढून टाकते. मग वाडगा उचलते, आणि कट्ट्यापर्यंत जाता जाता एक चमचा स्वतःच्या तोंडात घालते. ती थांबते. घास जिभेवर फिरवते. आणि मुन यीला ऐकू जाईल इतक्या आवाजात रोज एकच शब्द म्हणते.

"पांचट."

मुन यी मासा कापत राहते. काल तिने मान वर न करता विचारलं, "मग उद्या तुम्ही करता का, वहिनी?"

"मला करी आहे," वहिनी म्हणाली, आणि आणखी एक चमचा खाऊन वाडगा नवऱ्यापुढे ठेवला.